स्थळ बघून आले, वन्सं

शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रेमलावन्सं यांना भावजय विजयमालाचा नमस्कार.

फोन सोडून पत्र का लिहायला बसली म्हणाल. तर फोनवर तुमी नुसतं "हां, हां" करता, ऐकत एक न्हाय, आणि मग आपल्या मनाचं सगळ्या माढ्याला सांगत फिरता. कागद असला की चष्मा लावून दोनदा वाचता येतोय. नात पायल म्हणते, आजी, व्हॉट्सअॅप कर. म्हटलं, ते वाचायला तुझ्या आत्याआजीला तूच जाऊन बस माढ्यात. माझं चौथीपर्यंतचं अक्षर हाय, सांभाळून घ्या.

तुमच्या भावाच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात आणि उजवा पाय गेला, इतकं तुमाला ठाऊक हाय. जीभ पण जड झालीय. शब्द निघतो, पण अर्धा घशातच राहतो. दवाखान्यातून सोडताना मोठा डॉक्टर म्हणाला, जीव वाचलाय, आता ह्यांना कामाला लावा. घरी खाटेवर झोपवून ठेवायचं न्हाय. रिहॅब सेंटर म्हणून असतंय, तितं दोनेक महिने ठेवायचं. चालायला, बोलायला, घास गिळायला परत पहिल्यापासून शिकवतात. लवकर केलं तर माणूस उठतो, न्हायतर खाट धरतो ती धरतोच.

पोरगा आणि सून, भारत-रेश्मा, दोघंबी नोकरीवर. मी एकटी उचलायला गेले तर शेजारी दुसरी खाट टाकावी लागंल. म्हणून भारतनं मोबाईलवर तीन सेंटरांचे फोटो दाखवले. फोटोत सगळे म्हातारे हसतात. म्हटलं, इतकी मजा असंल तर मलाच ठेव की.

मग मीच बघायला निघाले. भावकीत पोरगी बघायची झाली की अजून मलाच रिक्षा पाठवतात, ते उगंच न्हाय. मी पोरीकडं बघतच न्हाय. ती त्या दिवशी नटलेलीच असती. मी पाणी मागते, आणि तांब्या कोण आणतंय, कसा आणतंय ते बघते. मग हात धुवायचं निमित्त काढून मागच्या दारी जाते. रेश्माच्या वेळी तिची आई सांगत होती, पोरगी सगळा स्वयंपाक करती. मागं गेले तर पोरीला मसाल्याचा डबा सापडत न्हवता. पण आंधळ्या आजीचा हात धरून तिला मोरीत नेत होती. म्हटलं, ही चालंल, भाकरी मी शिकवीन. भाकरी अजून जमत न्हाय, ती गोष्ट वेगळी.

तर पहिलं स्थळ. नाव इंग्रजी हाय, माझ्या जिभेवर बसत न्हाय. दारात फवारा हाय म्हणून मी फवाऱ्याचं म्हणते. कोट घातलेली पोरगी पुढं आली. "पेशंटचं नाव काय, आजी?" म्हटलं, "बाई, ते माझ्या तोंडानं यायचं न्हाय, भारतला विचार." ती हसली. "आजी, हे आता कोण पाळतं?" म्हटलं, "तू नको पाळू. आमचं निम्मं झालंय, पुरं करू दे."

पाणी मागितलं तर बंद बाटली आणून ठेवली. म्हणजे पहिली परीक्षा त्यांनी चुकवली.

व्यायामाचा हॉल दाखवला. एका जागी उभ्या सायकली, दांड्या, गोल गोल चेंडू. वन्सं, सायकलीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं न्हवतं. म्हटलं, ह्याच्यावर कोण बसतं? ती म्हणाली, गरजेप्रमाणे. मग मी बाथरूमचं निमित्त काढून मागच्या खोल्यांत घुसले. एक म्हातारा पडलेला, अर्धी दाढी केलेली, अर्धी उद्यावर ठेवलेली. त्याच्या डोक्यामागं खिळ्याला घंटेचं बटण अडकवलेलं. त्याचा हात काय, माझाबी पोचला नसता. विचारलं तर कोटवाली म्हणते, "ते सारखी वाजवतात म्हणून वर ठेवली." म्हटलं, "मग काय आरतीला वाजवायची?"

शेवटी साहेब आले. म्हणाले, "आजी, इथं अगदी घरासारखं वातावरण आहे." म्हटलं, "घरासारखंच पायजे असतं तर घरीच ठेवलं असतं की."

हे स्थळ नापसंत. दुसरं बघून कळवते.

तुमची,
विजयमाला

◆

माढा
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. विजयमाला हिस प्रेमलाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्या चार ओळींत माझी उणीदुणी काढलीस, त्यावरून तुझी तब्येत उत्तम आहे हे समजले.

कोंडीबा माझ्या पाठचा. मी त्याला कडेवर घेऊन फिरवला आहे. जन्मभर एसटी चालवून अर्ध्या जिल्ह्याला ज्याने सुखरूप घरी पोहोचवले, त्याला स्वतःच्या घरात जागा नाही, हे मला पत्रातून वाचावे लागते. आपल्या घराण्यात आजवर कोणी माणूस असा बाहेर ठेवला नाही. आबा नऊ वर्षे अंथरुणावर होते, आईने केले. कोणाला कळले तरी का?

तुला मात्र पहिल्यापासून घरातले बाहेर काढण्याची घाई. आईचा पितळी हंडा मोडीत घातलास. गाय विकलीस. आता माझा भाऊ.

तू त्याला विचारलेस का? त्याला बोलता येत नाही म्हणून तूच ठरवायचे, असे आहे का? मैंदर्गीचा नागप्पा वारे उतरवतो. लांबून लोक येतात. त्याच्या तेलाची बाटली येत्या गाडीला देते. कोमट करून चोळ, वरून खाली, उलटे नको. आणि ते जमत नसेल तर त्याला माढ्याला आणून टाक. माझे गुडघे गेले असले तरी मी अजून मेलेली नाही.

तुझी वन्सं,
प्रेमला

◆

शुक्रवार पेठ, सोलापूर
२९ नोव्हेंबर २०२४

प्रेमलावन्संना नमस्कार.

तेल पोचलं. बूच काढलं आणि मांजर घरातून गेलं ते अजून आलं न्हाय. तुमच्या भावाला चोळलं. त्यांनी डाव्या हातानं नाक धरलं. म्हणजे डावी बाजू उत्तम हाय, एवढं नागप्पाच्या तेलानं सिद्ध झालं.

आबांचं म्हणता ते खरं हाय. आईंनी नऊ वर्षं केलं. पण वन्सं, आबा नऊ वर्षांत एकदाबी उठले न्हाईत. कुणी उठवलंच न्हाय. पाठीला जखमा पडल्या तेव्हा त्या धुवायला मीच होते, तुमी संक्रांतीला येऊन तिळगूळ देऊन जायचा. कुणाला कळलं का म्हणता, तर मला कळलं.

आणि व्हय, विचारलं त्यांना. म्हटलं, शिकायला जायचं का? मान हलवली. हो म्हणून हलवली की मान दुखती म्हणून, ते तुमी तुमच्या मनाला येईल तसं धरा.

आता दुसरं स्थळ ऐका. हे देवाचं. आत गेलं की मोठा देव्हारा, समोर ओळीनं खुर्च्या, खुर्चीत पेशंट आणि टीव्हीवर भजन. वारं गेलेल्या एका बाईच्या हातात टाळ दिलेला, एकच. दुसरा हात चालत न्हाय ना. ती तो मांडीवर आपटत होती. म्हटलं, ह्यांना चालवता कधी? तिथला माणूस हात जोडून म्हणतो, "माउली, सगळं त्याच्या हातात आहे." म्हटलं, "मग तुमच्या हातात काय हाय, पावतीपुस्तक?" तिथं पाणी चांगलं दिलं, तीर्थासारखं, पळीभर. नापसंत.

तिसऱ्याला माझं मन न्हवतं. आधी तो चादरीचा कारखाना होता. माग काढले आणि खाटा टाकल्या. बाहेरून बघितलं तर आत कोण माणूस ठेवंल असं वाटतंय. दारातच ऐकलं, आत कोण तरी आईमाईवरून शिव्या घालतंय. भारत म्हणाला, "आई, चल परत." म्हटलं, थांब, शिव्या घालायला अंगात जीव लागतो.

आत गेले. एक म्हातारबा दांडीला धरून पाऊल टाकत होते आणि पावलागणिक एक शिवी. त्यांच्या मागं रत्नम्मा. ही तिथली मुख्य बाई, अक्कलकोटच्या पलीकडची, निम्मं कानडी. "एळ्री, उठा, पाय उचला, शिवी नंतर." दुसरीकडं एक बाई डाव्या हातानं ज्वारी निवडत होती, बोटं चालायला. कुणाच्याबी अंगावर कोरडा कपडा न्हवता, घामानं भिजलेले सगळे. घंटा प्रत्येकाच्या हाताशी.

मी पाणी मागितलं. रत्नम्मानं कोपऱ्यातल्या एका आजीला हाक मारली. ती आजी तांब्या घेऊन निघाली. हात थरथरतोय, पाय फरफटतोय. अर्धं पाणी फरशीवर, पाव माझ्या लुगड्यावर, उरलेलं तांब्यात. मी उठायला लागले तर रत्नम्मानं मला दरडावलं. "बसा. तिचा व्यायाम आहे तो." ती आजी पोचली, तांब्या दिला आणि असं माझ्याकडं बघितलं, जशी एव्हरेस्टवरून आलीय. वन्सं, इतकं पाणी सांडलेलं स्थळ मी जन्मात पसंत केलं नसतं. हे केलं.

मग रत्नम्मानं मला समोर बसवलं. घरात पायऱ्या किती, संडास बसायचा हाय की खुर्चीचा, रात्री उठले तर जवळ कोण, तुमाला किती वजन उचलतं. म्हणाली, आठवड्यातून तीनदा तुमी यायचं, त्यांना कसं धरायचं ते शिकायचं, न्हायतर घरी नेऊन पाडाल. मी स्थळ बघायला गेले आणि तिनं मलाच आतबाहेर बघून घेतलं.

एक अडचण हाय. तिथं दोन मजले हाईत. खाली शिकवून घरी पाठवायचे पेशंट, जागा मोजक्या. वर कायमचे. वर धुतात, पुसतात, भरवतात, पण शिकवत न्हाईत. खाली घ्यायचं तर आधी परीक्षा. सांगितलेलं कळतंय का, माणसं ओळखतात का, ते बघतात. डोकंच जागेवर नसंल तर शिकवून उपयोग न्हाय म्हणे. गुरुवारी तुमच्या भावाची परीक्षा. वर गेलेला माणूस परत घरी येतो तो लोकांच्या खांद्यावर, हे मला कुणी सांगायला नको. त्यांना खालीच घ्यायला पायजे.

विजयमाला

◆

माढा
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. विजयमाला हिस आशीर्वाद.

संक्रांतीचे बोललीस ते लक्षात ठेवले आहे.

परीक्षा म्हणतेस म्हणून काळजी वाटते. कोंडीबा शाळेत एकाही परीक्षेला पहिल्या फटक्यात पास झाला नाही. मास्तर प्रश्न विचारायचे आणि हा खिडकीतून रस्त्यावरच्या मोटारी मोजायचा. एसटीच्या परीक्षेला मात्र पहिला आला, कारण तिथे बोलायचे नव्हते, गाडी चालवायची होती. त्या डॉक्टरला हे सांगून ठेव.

तेल बंद करू नकोस. नापास झाला तर वरच्या मजल्यावर नाही, माढ्याला. हे माझे शेवटचे.

प्रेमला

◆

शुक्रवार पेठ, सोलापूर
७ डिसेंबर २०२४

प्रेमलावन्संना नमस्कार.

झाली परीक्षा. नापास.

ऋतुराज म्हणून डॉक्टर हाय. पोरगाच हाय, पण उद्धट न्हाय. खुर्चीपुढं वाकून बसला. पेन दाखवला, घड्याळ दाखवलं, चावी दाखवली. तुमच्या भावानं अडखळत का होईना, सांगितलं. डावा हात वर करा, केला. डोळे मिटा, मिटले. एसटीचं चित्र दाखवलं तर "मैं... मैंदर्गी" म्हणाले, वर्षानुवर्षं तीच गाडी चालवली ना. भारतच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, आता काय, पास.

मग डॉक्टरनं माझ्याकडं बोट केलं. "आजोबा, ह्या कोण? ह्यांचं नाव सांगा."

माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

परत विचारलं. परत भिंत. डॉक्टर म्हणाला, बोलता येत नसेल तर चालेल. टेबलावर नावं लिहिलेल्या पाट्या मांडल्या. "भारत कोणती?" भारतवर बोट ठेवलं. "रेश्मा?" रेश्मावर ठेवलं. "आणि ह्या, तुमच्या मिसेस?" तर वन्सं, माझ्या नावाची पाटी उचलली आणि पालथी घातली. पत्त्याच्या डावात नको असलेलं पान टाकावं तशी.

डॉक्टरनं कागदावर काय तरी लिहिलं. भारतला बाजूला घेऊन म्हणाला, वस्तू ओळखतात, पण बायकोची ओळख गेलीय, नाव पुढं केलं तर बिथरतात. पुढच्या गुरुवारी वरच्या मजल्यावर खाट रिकामी होईल, तिथं घेऊ.

रत्नम्मानं मला चहा दिला. भारत माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आई, काय करू?" म्हटलं, "कर सही. ज्यांना मैंदर्गीची गाडी आठवती आणि घरातलं माणूस आठवत न्हाय, त्यांना खाली काय आणि वर काय." त्या गाडीनं तरी कधी त्यांच्या भाकरी थापल्या न्हाईत.

तुमी म्हणाल, माढ्याला आणा. आणत न्हाय. तुमच्या गुडघ्यांनी दोघांचं काय होणार. तुमाला तर ओळखतील, अक्का म्हणून. तेवढं बघायला एकदा या.

हुरडा कधी निघतो तिकडं?

विजयमाला

◆

माढा
१० डिसेंबर २०२४

विजयमाला,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात. आधी भारतला सांग, सही केली असेल तर ती खोडायला लाव.

अगं, अक्कल कोणाच्या घरी ठेवून आलीस? पन्नास वर्षांत त्याने तुझे नाव घेतलेले तू कधी ऐकलेस? "अगं", "ऐकलं का", "भारतची आई", याच्या पलीकडे काही? आणि त्या पोराने चारचौघांत म्हटले, नाव सांगा. तो सांगेल कसा?

पुरुषाला कसली आडकाठी, असे तू म्हणशील. ऐक. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हा दारातून ओरडायचा, "विजयमाला, पाणी आण." आळीतल्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. आई लाजून मरायची. पुढच्याच पावसाळ्यात तू टायफॉइडने पडलीस. केस गेले, घोटभर पेज उतरेना. डॉक्टरनेही हात टेकले होते. तेव्हा आईने याला उंबऱ्यात धरले आणि म्हणाली, "घे अजून नाव. बायकोचं नाव असं उधळलं की तिचं आयुष्य झडतं." हा माझ्याकडे आला. मी तेव्हा बाळंतपणाला तिथेच होते. म्हणाला, "अक्का, खरं असतं का?" मी म्हणाले, मला काय ठाऊक, पण न घेऊन तुझे काय जाते?

तू उठलीस. त्याने पुन्हा नाव घेतले नाही. तू माहेरी असलीस की तुला पाठवायच्या पाकिटावर नाव लिहायलासुद्धा तो माझ्याकडे यायचा. पत्ता स्वतः लिहायचा, वरची ओळ मोकळी सोडायचा. त्या पाकिटांवर दोन हातांची अक्षरे असायची, तुझ्या चौथीपर्यंतच्या डोळ्यांना ती दिसली नाहीत.

मला वाटले होते, तुला ठाऊक आहे. तू त्याला घुमा म्हणतेस ते थट्टेने म्हणतेस, असे मी समजत होते.

डॉक्टर पोरगा आहे, त्याला हे कुठून कळणार. पण तू स्वतः त्याचे नाव घेत नाहीस, आणि त्याने तुझे घेतले नाही म्हणून रुसून त्याला माडीवर चढवतेस. पाटी पालथी घालील नाहीतर काय, तिच्यावर बोट रोवील?

हे पत्र शेजारच्या पोराच्या हाती पाठवते, पोस्टाचा भरवसा नाही. कोंडीबा वर गेला तर मी काठी टेकत सोलापूरला येईन आणि तुझ्या दारात बसेन. हुरडा जानेवारीत.

प्रेमला

◆

शुक्रवार पेठ, सोलापूर
१७ डिसेंबर २०२४

प्रेमलावन्संना साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घातला, कंबर साथ देत न्हाय.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी तुमचाच राग आला, एवढी वर्षं बोलला न्हाईत म्हणून. मग त्यांचा आला. म्हणजे माझं आयुष्य ह्यांनी जपून वाढवून ठेवलं, आणि ते सगळं ह्यांचे डबे भरण्यात गेलं. आधी विचारलं असतं तर म्हटलं असतं, घ्या अधूनमधून नाव, थोडं कमी चाललं तरी हरकत न्हाय.

पत्र घेऊन भारतला म्हटलं, गाडी काढ. सही अजून केली न्हवती. तो आईच्या शब्दाबाहेर न्हाय म्हणतात, पण ह्या वेळी होता, देवाची दया.

डॉक्टर ऋतुराजला पत्र वाचायला दिलं. तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणाला. रत्नम्मा कपाळाला हात लावून खाली बसली. "अय्यो, आमचे यजमान पण मला अजून 'अगं'च म्हणतात की. पन्नास पेशंटांना हेच विचारलं असेल आपण." डॉक्टर लाजला. पण मान्य कसं करणार, शिकलेला हाय. म्हणाला, "आजी, खरं असेलही. पण मला स्वतः बघावं लागेल. फेरपरीक्षा घेतो, नाव विचारणार नाही. मीच नाव घेतो, त्यांनी फक्त हो की नाही सांगायचं."

तुमच्या भावाला खुर्चीत आणलं. मी समोर. डॉक्टरनं विचारलं, "आजोबा, ह्या रत्नम्मा आहेत का?" मान हलवली, न्हाय. "ह्या रेश्मा आहेत का?" न्हाय. ओठ वाकडे केले, हा काय खुळा हाय का, असे. मग डॉक्टर जवळ सरकून मोठ्यानं म्हणाला, "मग ह्या विजयमाला आहेत का?"

वन्सं, त्यांचं तोंड लाल झालं. डोळे वटारले. डॉक्टरला वाटलं ऐकू आलं न्हाय. त्यानं परत घेतलं, अजून मोठ्यानं. "विजयमाला? ही विजयमाला का?"

तर ह्यांनी डाव्या हातानं दांडी धरली. उजवा पाय, जो तीन आठवडे माझ्या मांडीवर लाकडासारखा पडला होता, तो असा दाबला जसा घाटात ब्रेक दाबावा. आणि उठले. पुरते न्हाय, वाकडे, पण उठले. डॉक्टरवर. "ए. गप." अगदी स्वच्छ. वारं गेल्यापासून पहिली पुरी वाक्यं, दोन अक्षरांची का असंनात. मग डॉक्टरचा खांदा धरून त्याला माझ्यापासून बाजूला ढकलायला बघितलं.

डॉक्टर हसत मागं सरला. रत्नम्मानं ह्यांना कंबरेत धरलं आणि ओरडली, "डॉक्टर, थांबू नका, अजून एकदा नाव घ्या, पाय टाकतायत." मग काय. विजयमाला, विजयमाला. कांदे विकायला यावेत तसं माझं नाव त्या कारखान्यात घुमलं. ह्यांनी डॉक्टरला पकडायला दीड पाऊल टाकलं. शिव्या देणारे म्हातारबा टाळ्या वाजवत होते, एका हातानं मांडीवर.

ओळख गेली म्हणून लिहिलेला कागद डॉक्टरनं माझ्यासमोर फाडला. खालचा मजला, दारापासची खाट. आता माणसाला नाव विचारायच्या आधी घरात काय हाक मारता, ते विचारणार म्हणे. मी म्हटलं, विचारा, पण आमच्या ह्यांच्यापासून हातभर लांब उभे राहून.

परत बसवलं तेव्हा दमले होते. मी घाम पुसला. माझ्याकडं बघून म्हणाले, "अगं..." आणि पुढचं अडकलं. म्हटलं, एवढंच पुरे. पुढचं पन्नास वर्षं मीच पुरं करत आलेय.

विजयमाला

◆

माढा
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. विजयमाला हिस अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

हुरडा पाठवते आहे. कोंडीबाला गिळायला त्रास होत असेल तर त्याच्यासमोर खाऊ नकोस. तू खाशील, म्हणून लिहिले.

परक्या पोराने आपल्या घरच्या सुनेचे नाव असे हॉलभर घ्यायचे, हे आईला चालले नसते. मला चालते. अजून घेऊ दे. घाटातला ब्रेक म्हणालीस ते मी इथे सगळ्यांना सांगितले. या वेळी बरोबर सांगितले.

तेलाचे काहीच लिहिले नाहीस.

प्रेमला

◆

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रेमलावन्संना नमस्कार.

तुमचा भाऊ काल घरी आला. आणला न्हाय, आला. गाडीतून उतरून वॉकर धरून दारापर्यंत. उंबऱ्याला थांबले, मी रत्नम्मानं शिकवल्यासारखं मागून कंबरेच्या पट्ट्याला धरलं. आळीतल्या बायका बघत होत्या. इतक्या उघड्यावर मी त्यांना धरलेलं आळीनं पहिल्यांदा बघितलं. बघू दे. त्यांचे नवरे पडतील तेव्हा मलाच विचारायला येतील.

उजवा हात अजून आळशी हाय. जेवताना ठसका लागतो, म्हणून मान खाली घालून घास घ्यायचा. भाकरी दुधात कुस्करून खातात आणि शेंगाच्या चटणीकडं असं बघतात जसं तुमी आईंच्या पितळी हंड्याकडं बघायचा. रेश्मा त्यांना सकाळी मोरीत नेती, हात धरून. पसंती चुकली न्हवती माझी.

तुमच्या तेलाचा लई उपयोग झाला. वॉकरचं चाक कुरकुरत होतं, दोन थेंबांत गप्प. नागप्पाला सांगा, वारं उतरत नसंल तरी चाकाला गुण येतो.

आता शेवटचं. रत्नम्मानं घरचा अभ्यास दिलाय. रोज सकाळी घरातल्या सगळ्यांची नावं मोठ्यानं घ्यायची, जीभ वळायला. "भारत" चांगलं म्हणतात. "रेश्मा" म्हणताना थोडं घसरतात. "पायल" गोड म्हणतात. "अक्का" तर असं म्हणतात की माढ्यापर्यंत ऐकू यावं, पण तुमाला कसलं ऐकू येतंय. मग माझी पाळी येते. माझ्याकडं बघतात, भिंतीकडं बघतात आणि म्हणतात, "चहा."

रेश्मा म्हणाली, "आई, मी शिकवू का त्यांना? थोडं थोडं करून येईल." मी तिला चहा टाकायला पाठवलं.

येऊ नये असंच मला वाटतंय, वन्सं. ज्या दिवशी सकाळी माझं नाव तोंडातून निघंल, त्या दिवशी समजायचं, एक तर पुरते बरे झाले, न्हायतर मला कंटाळले. तोवर मला हितं लई काम हाय.

विजयमाला